घरचे शब्द आणि पहिलीचा वर्ग

प्रत्येक घरात काही शब्द केवळ उंबरठ्याच्या आत चालतात. ‘मंमं’, ‘भूर’, ‘हम्मा’ सर्वत्र परिचित आहेत. परंतु बाळाचा एखादा बोबडा उच्चार घरातील वडील मंडळीही कौतुकाने वापरू लागतात. तेच मूल पहिलीत तो शब्द बोलते आणि वर्ग हसतो. शिक्षकही हसले, तर मूल पुढे तोंडच उघडीत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्याकडूनच काढून घ्यावा व शेजारी प्रमाण शब्द फळ्यावर लिहावा.

ढाणकीच्या (ता. उमरखेड) परिसरात एक सावधगिरी हवी. तांड्यावरील मुलाचा ‘याडी’ हा लाडाने बनविलेला शब्द नव्हे. गोरमाटी भाषेत आईला याडीच म्हणतात.

मोठ्या मुलांची ‘च’ची भाषा शिक्षकांस बहुधा चहाटळपणा वाटते. ‘मला’चे ‘चलाम’, ‘घर’चे ‘चरघ’. वस्तुतः पहिले अक्षर सोडवून शेवटी नेणे, हा अक्षरांचाच उत्तम अभ्यास होय! फळ्यावर ‘चमलक’ लिहावे व मूळ शब्द विचारावा. ‘कमल’ साधल्यावर ‘पुस्तक’ द्यावा. ‘चस्तकपु’ म्हणताना जो अडखळेल, त्याचा जोडाक्षरांचा पाठ पुन्हा घ्यावा.