इस्लामची पाच कर्तव्ये

मुलांनो, इस्लाम धर्माने आपल्या अनुयायांस पाच मुख्य कर्तव्ये सांगितली आहेत. ईश्वर एकच असून मुहंमद हे त्याचे प्रेषित आहेत, अशी श्रद्धेने दिलेली साक्ष हे पहिले कर्तव्य होय. दुसरे नमाज. पहाट, दुपार, तिसरा प्रहर, सायंकाळ व रात्र अशी दिवसातून पाच वेळा मक्केतील काबागृहाच्या दिशेस तोंड करून ही प्रार्थना करतात. मशिदीत धनिक व मजूर एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

तिसरे कर्तव्य जकात. ठरावीक मर्यादेहून अधिक धन ज्याच्याजवळ वर्षभर शिल्लक राहते, त्याने त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शंभर रुपयांमागे अडीच रुपये, गोरगरिबांस द्यावयाचे असतात. देणाऱ्याने हा उपकार मानू नये. श्रीमंताच्या धनात याचकाचा व वंचिताचा हक्कच आहे, अशी कुराणाची शिकवण आहे.

चौथे कर्तव्य रोजा. रमजान महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करावयाचे असते. त्याचबरोबर जिभेने असत्य व निंदाही टाळावयाची असते. आजारी माणसाला व प्रवाशाला सवलत आहे. त्यांनी राहिलेले रोजे पुढे पुरे करावेत.

पाचवे हज. ज्याला ऐपत व शक्ती आहे, त्याने आयुष्यात एकदा मक्केची यात्रा करावी. तेथे राव असो वा रंक, प्रत्येक पुरुष दोन न शिवलेली वस्त्रेच परिधान करतो.

दिवसभर तहान सोसणाऱ्यास तहानलेल्याची व्यथा सांगावी लागत नाही. ईश्वराचे स्मरण करताना शेजाऱ्याचा विसर पडू नये, हेच ही कर्तव्ये शिकवितात.