टोकन देण्याआधी चालून बघ

अगं, काल फोनवर त्या सॅम्पल फ्लॅटबद्दल किती भरभरून बोलत होतीस! खिडकीतून दिसणारा येऊरचा डोंगर, पोहण्याचा तलाव, मोठं स्वयंपाकघर. तू अजून टोकन दिलेलं नाहीस, म्हणून मनातलं सांगते.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला घर घेतलं, तेव्हा मीही सगळं आतूनच पाहिलं होतं. कार्पेट एरिया मोजला, हवा-उजेड पाहिला. फाटकाबाहेरचं मात्र गाडीच्या काचेतून पाहिलं. राहायला गेल्यावर कळलं, की कोथिंबिरीच्या जुडीसाठीही स्कूटर काढावी लागते. सासूबाईंना रोज संध्याकाळी देवळात जायची सवय. देऊळ होतं, पण हायवेच्या पलीकडे, आणि आमच्या बाजूला पाय ठेवायला धड फुटपाथ नव्हता. आधी सासूबाई आवारातच फेऱ्या मारायच्या, मग तेही थांबलं. त्यांचं सगळं जग लिफ्टपासून फाटकापर्यंत उरलं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

घर विकायला काढलं, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा समोर आली. येणारा प्रत्येक जण फ्लॅटचं कौतुक करायचा आणि निघताना विचारायचा, "स्टेशनला कसं जाता? मुलं शाळेत कशी जातात?" आमच्या प्रत्येक उत्तरात रिक्षा नाहीतर बस. तिथेच भाव पडायचा. इकडे नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत लहान घरांनाही चौरस फुटाला आमच्यापेक्षा जास्त मिळत होते. गोखले रोड, राम मारुती रोड, भाजी, गिरणी, दवाखाना, ठाणे स्टेशन, सगळं चालत. लोक पैसे त्याचे मोजत होते. शेवटी आम्हीही तिथेच लहान घर घेतलं. महिन्याभरात सासूबाई एकट्या तलावपाळीला जाऊ लागल्या. येताना भाजी आणायच्या, आणि कोण भेटलं ते सांगायच्या.

म्हणून सांगते, घरातल्या टाइल्स पुढे बदलता येतील, बाहेरचा रस्ता तुझ्या हातात नाही. जाहिरातीत 'स्टेशनपासून ५ मिनिटं' असेल, तर घड्याळ लावून चाल. साध्या चालीने ५ मिनिटांत साधारण ४०० मीटर होतात. संध्याकाळी सातला, हातात भरलेली पिशवी घेऊन जा. जमलं तर पावसात एकदा जा, पाणी कुठे साठतं ते दिसेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तिथे ती जागा लोकांना मिळते, की उभ्या बाइकना, ते बघ. रस्ता ओलांडायला सिग्नल कुठे आहे, तेही बघ.

एजंट सांगेल, "इथून डीपी रोड जाणार आहे, मेट्रो येणार आहे." खोटं बोलतो असं नाही, पण विकास आराखड्यावरच्या रेघेवर चालता येत नाही. मेट्रो आली तरी तिच्या जिन्यापासून तुझ्या फाटकापर्यंतचं अंतर पायीच कापायचं आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी आणि तो पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख कळते. बाहेरची गल्ली आपली आपणच तपासायची.

हिशोबही मांड. समजा, तुम्हा दोघांचे रोज १०० रुपये रिक्षाला गेले, तर २५ दिवसांचे २,५०० आणि वर्षाचे ३०,०००. घर स्वस्त मिळालं म्हणताना हेही मोजायला हवं ना?

जुन्या वस्तीत सगळं चांगलंच असतं, असं मी म्हणत नाही. पार्किंगची मारामार असते, गोंगाट असतो, कित्येक इमारतींना लिफ्ट नसते. आणि घोडबंदरलाही काही वसाहतींत शाळा, बाजार, झाडांखालचे फुटपाथ आतल्या आतच आहेत. तशी मिळाली तर खुशाल घे. पुढे विकायची वेळ आली, तर येणाऱ्याला आधी बाजारात भेट आणि तिथून पायी घरी घेऊन ये. अर्धा सौदा वाटेतच होईल.

रविवारी मी येते. आईलाही घेऊ. भाजीवाल्यापासून त्या फाटकापर्यंत तिघी चालत जाऊ. वाटेत आईने कुठे तुझा हात घट्ट धरला, तेवढं लक्षात ठेव. ती सबंध वाट गप्पा मारत आली, तर संध्याकाळी टोकन देऊन टाक.

तुझी,
ताई