कॅरॅव्हॅनमध्ये डिझेल भरताना : काय करावे, काय टाळावे

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि 2025 मध्ये बागलाणातला साल्हेर किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी घेऊन इकडे यायला ही दोन्ही चांगली कारणे आहेत. पण लहान कारची सवय असलेला माणूस अशी गाडी पंपावर नेतो तेव्हा छपराला टप घासतो, मागची बाजू खांबाला लागते, नाहीतर घाईत भलतेच इंधन पडते. पुढच्या गोष्टी पाळल्या तर हे सगळे टळते.

काय करावे

- सटाण्यातच टाकी भरून घ्या, तीही दिवसाउजेडी. साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगीकडे निघण्याआधी या भागातली मोठी बाजारपेठ हीच. पुढच्या गावातला पंप रात्री उघडा असेलच, या भरवशावर राहू नका.

- गाडीची खरी उंची लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. टपावरचा एसी, सोलर पॅनल, सामानाचे कॅरिअर धरून मोजा. कंपनीच्या पुस्तकातल्या उंचीत नंतर बसवलेल्या वस्तू येत नाहीत.

- आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघा. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि मधे अडकलेल्या लांब गाडीला मागे-पुढे होता येत नाही. शक्यतो ट्रक-बस घेतात तीच कडेची, सरळ निघणारी लेन घ्या. शंका वाटली तर गाडी बाहेर लावून आधी पायी फिरून या.

- टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते लक्षात ठेवून गाडी लावा. रुंद गाडीवरून पाइप पलीकडे ओढत बसावे लागू नये.

- इंजिनासोबत जनरेटर आणि गॅसही बंद करा. शेगडीचे बटण फिरवून भागत नाही, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद हवा. फ्रिज गॅसवर चालत असेल तर त्याच्या आत ज्योत पेटती असते, हे विसरू नका.

- खाली उतरा, 'डिझेल' असे स्पष्ट सांगा आणि मीटरवर शून्य बघा. मापाची शंका आली तर 5 लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागा. हे माप पंपावर ठेवणे बंधनकारक आहे. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरले तर तक्रारवहीत नोंद करा.

- डीईएफ, म्हणजे चालकांच्या भाषेतला 'युरिया', किती उरला आहे ते बघा. ज्या बीएस-6 गाड्यांना तो लागतो, त्यांत तो संपला की इंजिनाची ताकद कमी केली जाते. त्याची टाकी वेगळी असते आणि झाकण बहुधा निळे असते.

- निघताना एक माणूस मागे उभा करा. मागच्या चाकांपलीकडे निघालेला भाग वळताना उलट दिशेला झुकतो. चालकाचे लक्ष पुढे असते आणि मशीनला धडक मागून बसते.

काय टाळावे

- काटा तळाला जाईपर्यंत थांबू नका. सेलबारीसारख्या घाटात गाडी तिरपी झाली की उरलेले डिझेल एका बाजूला सरकते आणि गाडी एअर घेते. मग नुसते डिझेल ओतून ती सुरू होत नाही, लाइनमधली हवा काढावी लागते. पाव टाकी उरली की पंप गाठा.

- नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी ओतायला लावू नका. उन्हाने डिझेल फुगते. काठोकाठ भरलेली टाकी दुपारी सांडते आणि चढावर झाकणातून गळते.

- चुकीचे इंधन पडले तर चावी फिरवू नका. नुसते इग्निशन चालू केले तरी बऱ्याच गाड्यांत पंप ते इंधन पुढे ढकलतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. युरियाच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत युरिया पडला तरी हेच करा.

- डिझेल भरत असताना कोणी आत झोपून राहू नये. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी उतरवून मशीनपासून दूर उभे करा.

- नोझलजवळ मोबाइल काढू नका. पैसे डिझेल भरून झाल्यावर, बाजूला जाऊन द्या.

- जादा डिझेल कॅनमध्ये भरून गाडीत ठेवू नका. जिथे माणसे झोपतात आणि शेगडी पेटते, तिथे इंधनाचा साठा नको.

- मशीनसमोर गाडी लावून चहा-नाश्त्याला जाऊ नका. तुमच्या एका गाडीने दोन ट्रॅक्टरांची जागा अडते आणि मागच्या शेतकऱ्याला बाजार समिती गाठायची असते. हवा, पाणी, स्वच्छतागृह यासाठी गाडी कडेला घ्या.

मोठ्या गाडीला पंपावर दहा मिनिटे जास्त लागतात. तो वेळ प्रवासाच्या हिशोबात आधीच धरा आणि मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी खाली उतरून बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.