भत्ता नोकरीत असतानाच ठरतो

वरसावे, घोडबंदर रोड

चि. बाळास,


कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्यात, माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, असं तू फोनवर म्हणालास आणि विचारलंस, "आत्या, नोकरी गेलीच तर काही मिळतं का? किती, आणि किती दिवस?" भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यांमध्ये माझी सगळी नोकरी हजेरी आणि पगारपत्रकं लिहिण्यात गेली, म्हणून बैजवार लिहिते. एक गोष्ट आधी मनात पक्की कर. ही रक्कम नोकरी जाते त्या दिवशी ठरत नाही, आधीच्या दोन वर्षांच्या पगारपत्रकांत ती ठरून गेलेली असते.

तुझ्या पगारातून दरमहा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कापलेले पैसे फक्त दवाखान्यासाठी, असं बहुतेकांना वाटतं. पण २०१८ पासून त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम, तीही आयुष्यात एकूण जास्तीत जास्त ९० दिवस. आधी पाव मिळायची, करोनात मार्च २०२० पासून निम्मी झाली. बेकारीचे तीस दिवस उलटले की अर्ज करता येतो.

आता हिशोब बघ. ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांचं असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मागच्या चार सहामाह्यांची कमाई मिळवायची, तिला ७३० ने भागायचं आणि निम्मं करायचं. पगार १५,००० धरला, तर दोन वर्षांचे ३,६०,००० होतात. रोजची सरासरी साधारण ४९३, तिचे निम्मे २४७, आणि ९० दिवसांचे २२,२०० च्या आसपास. मध्ये चार महिने तू घरी बसलास, तरी भागायचं ७३० नेच. मग तीच रक्कम १८,५०० वर येते.

एखादा ठेकेदार म्हणेल, "कागदावर दहाच हजार दाखवतो, तुझी कपात वाचेल." तुझे महिन्याला साडेसदतीस रुपये वाचतील, पण भत्ता १४,८०० पर्यंत घसरेल. त्याची स्वतःची वर्गणी वाचते म्हणून तो हे सुचवतो. तू कबूल होऊ नकोस.

पात्रतेला दोन अटी आहेत. आधीची किमान दोन वर्षं तू विमापात्र नोकरीत असायला हवास. आणि नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, तशीच त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत. खाड्यांपेक्षा ठेकेदारानं दिलेले 'ब्रेक' इथे जास्त नडतात. ठेकेदार बदलला की काही जण जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतात. मग तुझे दिवस दोन नंबरांत विभागले जातात, आणि प्रत्येक नंबर ७८ च्या आत राहू शकतो. नंबर एकच ठेव. नव्या जागी पहिल्याच दिवशी तो लिहून दे.

सगळ्यात मोठा धोका राजीनाम्याचा आहे. माणसं कमी करायची असली की "राजीनामा लिहा, हिशोब लगेच देतो" म्हणतात. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. शिस्तभंगामुळे काढलेल्यालाही नाही, निवृत्तालाही नाही. म्हणून कामावरून कमी करत असतील तर तसं लेखी मागून घे. घाईत सही करू नकोस. सही करण्याआधी मला फोन कर, मग वेळ कोणतीही असो.

कारखानाच बंद पडला किंवा रीतसर कामगार कपात झाली, तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही आहे. तिच्यात पहिलं वर्ष पगाराच्या निम्मी आणि दुसरं वर्ष पाव रक्कम मिळते, शिवाय घरच्यांचं औषधपाणी सुरू राहतं. म्हणजे तुझी नोकरी कोणत्या कारणानं गेली, यावर तीन महिने की चोवीस महिने हे अवलंबून आहे. ते कारण कागदावर खरं उतरलं पाहिजे. एकाच काळाचे दोन्हीकडून पैसे मात्र मिळत नाहीत.

अटल योजना मुदतीची आहे आणि वेळोवेळी वाढवली जाते. अर्जाच्या वेळी ती चालू आहे ना, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घे.

हा भत्ता म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, बाळा. तुझ्या आणि मालकाच्या वर्गणीतून उभा राहिलेला तो तुझा हक्क आहे. पण कागद नसतील, तर हक्क असूनही हात रिकामे राहतात. म्हणून नोकरी आहे तोवरच ईएसआयच्या पोर्टलवर तुझ्या नावाचे दिवस आणि पगार तपास. दर महिन्याची पगाराची पावती जपून ठेव. पुढच्या रविवारी सगळं घेऊन घरी ये, दोघं मिळून ताळा करू. चूक सापडली तर तू अजून कामावर आहेस, तोवरच ती दुरुस्त करून घेणं सोपं आहे.

तुझी,
आत्या