दूर ठेवा, पण टाकू नका



या धड्यात आपण साथीच्या रोगाविषयी वाचणार आहोत. साथ म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. दुसऱ्याचा तिसऱ्याला लागतो. बघता बघता सारे गाव अंथरुण धरते. आपल्या आज्या-पणज्यांनी पटकी पाहिली, प्लेग पाहिला, देवीची साथ पाहिली. आपण कोरोना पाहिला.

आपल्या राज्यात कोरोनाचे पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी झाली. एसटी थांबली, रेल्वे थांबली, बाजार बंद झाले. शहरात कामाला गेलेली आपली माणसे मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाली.

साथीत रोगी दूर ठेवावा लागतो. त्याला इलाज नाही. पण दूर ठेवणे निराळे आणि टाकून देणे निराळे. हा फरक आम्हांला फार उशिरा कळला. तो तुम्हांला वेळेवर कळावा, म्हणून हा धडा.

वेशीवरचे काटे

त्या एप्रिलमध्ये आमच्या गावानेही वेस बंद केली. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. पाळीपाळीने पहारा बसवला. आम्हीही त्यात होतो. गाव वाचवतो आहोत, असेच आम्हांला वाटत होते.

एका रात्री आमच्याच आळीतला एक मुलगा पुण्याहून चालत आला. पायाला फोड आलेले. पोटात अन्न नाही. आम्ही त्याला वेशीवरच थांबवले. त्याला वेगळे ठेवणे बरोबर होते. पण कुठे ठेवायचे, काय खायला द्यायचे, कोणी विचारपूस करायची, हे कोणीच ठरवले नव्हते. तो दोन रात्री वडाखाली बसून राहिला. त्याची आई लांबून भाकरी ठेवून रडत परत जाई.

पुढे एक वर्ष गेले. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा भारी होती. या खेपेस त्याच मुलाच्या वडिलांना ताप आला. आशाताई दारात गेली.

“नाना, तपासणीला चला.”

“मला काय न्हाई, पोरी. उन्हाचा ताप हाय. जाईल दोन दिसांत.”

आशाताईने पुष्कळ सांगितले. नाना ऐकेनात. मग आम्ही गेलो. अंगणात लांब उभे राहून विचारले, “नाना, खरं सांगा, अडतंय कुठं?”

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, दोन म्हशी हायेत. घरात बायकोला दमा. पोरगं पुण्याला. मी गेलो तर धार कोण काढंल? अन् गेल्या साली माझं पोरगं तुम्ही वेशीवर बसवलं. आता मला कुठं बसवणार?”

आम्ही खाली मान घातली. नानांना रोगाची भीती नव्हती. त्यांना आमची भीती होती.

शेजारच्या घरचा जावई टाळेबंदीमुळे गावातच अडकला होता. तो म्हणाला, “धार मी काढतो. दूध डेअरीला घालतो. पैशाचा हिशोब काकूंकडे देतो.” एवढे ठरले आणि नाना उठले. तपासणी झाली. रोग निघाला. पंधरा दिवस ते शाळेच्या खोलीत राहिले आणि बरे होऊन घरी आले.

विचार करा. नाना चार दिवस आणखी लपून राहिले असते, तर दम्याच्या बाईचे काय झाले असते?

पुण्यात १८९७ साली काय झाले?

माणूस रोग का लपवतो? ही गोष्ट आजची नाही. १८९६-९७ साली पुण्यात प्लेग आला. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. रँड नावाचा अधिकारी प्लेगच्या कामावर नेमला होता. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडती घेत. रोगी सापडला की त्याला उचलून नेत. घरातले सामान बाहेर काढून जाळत. लोक इतके धास्तावले की ते आजारी माणूस लपवू लागले. रोगी लपला की रोग आतल्या आत पसरतो.

त्याच साली, त्याच पुण्याच्या जवळ दुसरी गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले यांचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. दवाखाना गावाबाहेरच होता. म्हणजे रोगी दूरच ठेवत होते. पण सावित्रीबाई स्वतः रोगी आणत, त्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सोजिरांनीही रोगी घराबाहेर नेला आणि सावित्रीबाईंनीही नेला. सोजिरांना पाहून लोकांनी दार लावले. सावित्रीबाईंना पाहून दार उघडले.

भोसी गावाने काय केले?

आता अलीकडची गोष्ट वाचा. नांदेड जिल्ह्यात भोकर तालुका आहे. त्या तालुक्यात भोसी नावाचे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव आहे. २०२१ च्या मार्च महिन्यात गावात एक लग्न झाले. लग्नानंतर एका मुलीला कोरोना निघाला. मग आणखी पाच जणांना निघाला. गाव सावध झाले. ग्रामपंचायत आणि आरोग्य खाते यांनी मिळून तपासणीचे शिबिर भरवले. त्यात ११९ जणांना रोग असल्याचे दिसले.

११९ माणसे! एवढ्यांना ठेवायचे कुठे? घरे लहान. एका खोलीत पाच-पाच माणसे. घरात ठेवले तर घरच्यांना रोग लागणार.

गावाने ठरवले की रोग्यांनी आपापल्या शेतात जाऊन राहायचे. पंधरा ते सतरा दिवस गावात यायचे नाही. शेतात मोकळी हवा असते. कोरोनाचा रोग श्वासातून पसरतो. कोंडलेल्या खोलीत तो साठून राहतो. उघड्यावर वाऱ्याने विरून जातो. प्लेगच्या काळात आपले लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. तीच जुनी रीत इथे कामाला आली.

पण ज्याला शेतच नाही, त्याने कुठे जावे? भोसीत मजूर माणसेही होती. त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेच्या एका सदस्याने आपल्या शेतातली चाळीस फूट रुंद, साठ फूट लांब अशी शेड मोकळी करून दिली. शेतवाला शेतात राहिला, बिनशेतीचा शेडमध्ये राहिला. कोणी उघड्यावर पडला नाही.

आणि त्यांना तिथे नुसते पाठवून गाव गप्प बसले नाही. आरोग्य सेवक, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई रोज शेतात जात. रोग्यांशी बोलत. औषधे देत. जेवणखाणही तिथेच पोचत असे. मुदत संपली, माणसे बरी झाली आणि आपापल्या घरी आली. गावातला रोग थांबला.

भोसीचे लोक दूर गेले, कारण दूर गेलो तरी कोणीतरी रोज येईल, हे त्यांना ठाऊक होते.

कोणाचे काम कोणते?

एका माणसाच्या हातून साथ आवरत नाही. गाडा ओढायला दोन्ही बैल लागतात, आणि मागून रेटा देणाराही लागतो. कोरोनात कोणी कोणता भार उचलला, ते पाहू.

आशाताई ही गावचीच सून किंवा लेक असते. साधारण हजार वस्तीमागे एक असते. मोठा पगार नाही, थोड्या मोबदल्यावर काम. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. तेव्हा त्या घरोघर फिरल्या, ताप पाहिला, बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन पाहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशाताईंचा गौरव केला. तुमच्या दारी ती आली, तर आधी बसायला सांगा, पाणी द्या.

ग्रामपंचायतीने शाळा उघडून दिल्या, फवारणी केली, दवंडी दिली.

बचत गटाच्या बायांनी ठिकठिकाणी कापडी मास्क शिवले. गावाला मास्क मिळाले आणि बायांना चार पैसे मिळाले.

रेशन दुकानातून गरिबांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले. हे जादा धान्य एप्रिल २०२० पासून, मधले काही महिने सोडून, डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. पण आजारी माणूस दुकानात कसा जाणार? ते धान्य घरी पोचवायला शेजारीच लागतो.

प्राथमिक आरोग्य केंद्राने तपासणी केली, औषध दिले, लस टोचली. देशात लस टोचायला १६ जानेवारी २०२१ पासून सुरुवात झाली. पहिल्याने पुष्कळ गावांत लोक लसीला भ्याले. जिथे सरपंचाने आणि म्हाताऱ्या माणसांनी आधी टोचून घेतली, तिथे बाकीच्यांना धीर आला.

नगर तालुक्यातले हिवरे बाजार तुम्ही ऐकले असेल. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने पूर्वी पाणी अडवले, दुष्काळ हटवला. त्याच गावाने कोरोनात गावकऱ्यांची पथके केली. पथके घरोघर जाऊन चौकशी करीत. रोगी लवकर शोधून वेगळे ठेवीत. मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाले. पुढच्याच महिन्यात सरकारने अशा गावांसाठी बक्षिसे लावली. प्रत्येक महसूल विभागात पहिले बक्षीस पन्नास लाख रुपयांचे होते.

हिवरे बाजारला हे का साधले? त्या गावाला एकत्र बसून ठरवायची सवय आधीपासून होती. विहीर तहान लागल्यावर खणायची नसते.

आजच करून ठेवा

पुन्हा साथ येईल की नाही, कोणी सांगावे? पण आली तर गाव तयार हवे. म्हणून पुढच्या ग्रामसभेत ही कामे काढा.

१. रोग्याला ठेवायची जागा ठरवा. शाळा, समाजमंदिर किंवा मोकळी शेड. तिथे पाणी, दिवा आणि संडास आहे का, ते पाहा. बायकांची सोय वेगळी करा.

२. गावात एकटी म्हातारी माणसे, दमेकरी, गरोदर बाया आणि भूमिहीन घरे किती आहेत, त्यांची यादी करा. यादी आशाताईजवळ आणि पंचायतीत ठेवा.

३. दहा-दहा घरांचा एक गट करा. घरातला माणूस आजारी पडला, तर त्याची धार कोण काढील, रेशन कोण आणील, पोरांना भाकरी कोण देईल, हे आधीच ठरवा.

४. दवाखान्यात नेण्यासाठी गाडी कोणाची, ते ठरवा. १०८ क्रमांकावर फोन केला तर सरकारी रुग्णवाहिका येते. तो क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

५. पंचायतीत दोन ऑक्सिमीटर ठेवा. कोरोनासारख्या रोगात आकडा ९४ च्या खाली आला, किंवा धाप लागली, तर रोग्याला शेतात किंवा शाळेत ठेवू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या.

६. बाहेरगावाहून येणारी माणसे आपलीच आहेत. त्यांना थांबवायचे असेल, तर आधी जागा, अंथरूण आणि जेवण तयार ठेवा. मग थांबवा.

ते नाना आजही भेटतात. कधी चिडवतात, “गुरुजी, बाभळी राखून ठेवल्यात का?” आम्ही हसतो. पण आमच्या ग्रामसभेने आता शाळेच्या दोन खोल्या साथीसाठी नेमून ठेवल्या आहेत. त्या ठरावावर पहिला अंगठा नानांचा आहे. यंदा ते सही शिकत आहेत.

ध्यानात ठेवा

रोग लपवला तर वाढतो.
भीती घातली तर माणूस रोग लपवतो.
भरवसा दिला तर माणूस आपणहून सांगतो.
रोग्याला दूर ठेवा, पण टाकू नका.

प्रश्न

१. नाना तपासणीला का जात नव्हते? मग कशामुळे गेले?
२. सोजिरांना पाहून लोक रोगी का लपवीत?
३. भोसीत ज्यांना शेत नव्हते, त्यांची सोय कशी झाली?
४. तुमच्या शेजारच्या दहा घरांची नावे लिहा. त्यांत एकटे राहणारे कोण आहे? आज त्यांच्याकडे जाऊन या.