फॉर्मवरचा तो रकाना

मला लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानामागची मशीनं केसांखाली झाकली जातात आणि ओठ वाचायची सवय इतकी मुरली आहे की अनोळखी माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. म्हणून सांगणं न सांगणं कायम माझ्या हातात राहिलं. मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठी कॅटचा अर्ज भरताना मी सांगायचं ठरवलं. आता दर वर्षी अर्जांच्या दिवसांत मुलं-मुली, कधी त्यांचे आईवडील, मला त्याबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी अडचण लिहून काढा, मग ठरवा.

‘सांगू की नको’ यावर घराघरांत आठवडेच्या आठवडे जातात. त्याआधी कागद घ्या आणि परीक्षेत, मुलाखतीत, वर्गात आपलं नेमकं काय अडतं ते लिहा. पडद्यावरचा पेपर वाचायला कान लागत नाहीत, त्यामुळे परीक्षेसमोर माझ्याकडे लिहिण्यासारखं थोडंच होतं. मुलाखतीसमोर मात्र पान भरलं. एका वेळी एकाने बोलावं, माझ्याकडे तोंड करून बोलावं, प्रश्न पुन्हा विचारायची मुभा असावी. हे कुणाला सांगितल्याशिवाय मिळणार नव्हतं, आणि तिथेच माझा निर्णय झाला.

२. अपंगत्वाच्या दाखल्याचं काम उन्हाळ्यातच सुरू करा.

कॅटची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. तिची मुदत संपल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही. दाखला मात्र तुमच्या घाईने चालत नाही. सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी वैद्यकीय बोर्ड बसतं, डॉक्टर रजेवर असतात, तपासणीची तारीख पुढे जाते. माझ्या वेळी एका डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘‘एवढं स्पष्ट बोलतेस, मग ऐकू कसं येत नाही?’’ माझ्या त्या स्पष्ट बोलण्यामागे आईने आरशासमोर बसवून घटवून घेतलेले ‘स’ आणि ‘श’ आहेत. हे त्या टेबलापाशी सांगण्यात अर्थ नव्हता. मी ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण-तपासणीचा आलेख, पुढे ठेवला. अपंगत्वाची टक्केवारी त्यावरून काढतात, बोलण्यावरून नाही. त्यामुळे जुने-नवे सगळे रिपोर्ट सोबत न्या, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करून ठेवा आणि दाखला तात्पुरता असेल तर त्याची मुदत कधी संपते ते पाहा.

३. ४० टक्के भरत नाहीत म्हणून गप्प बसू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते. राखीव जागेसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. परीक्षेतल्या सोयीची गोष्ट वेगळी आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारला होता. २०२१ मध्ये विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी ही अट लावता येत नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा उमेदवारांसाठी नियमावली काढली.

याच्या उलट टोकाचा खटला महाराष्ट्रातून गेला. एमबीबीएसला जाऊ पाहणाऱ्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा-भाषेचं अपंगत्व होतं आणि त्याची टक्केवारी ४० च्या वर गेली म्हणून तो अपात्र ठरत होता. म्हणजे राखीव जागेसाठी ४० हवेत आणि ४० झाले की अभ्यासक्रम बंद. नुसत्या आकड्यावरून कुणालाही बाद करता येणार नाही, हा मुलगा हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का ते बोर्डाने तपासायला हवं, असं न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलं. वैद्यकीय प्रवेशाच्या वाटेवर कुणी असेल तर हा निकाल छापून फाइलमध्ये ठेवा.

४. राखीव जागा घेताना मान खाली घालू नका.

उच्च शिक्षण देणाऱ्या सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी आहेत. हे आरक्षण आडवं असतं: खुल्या, ओबीसी, अनुसूचित अशा प्रत्येक प्रवर्गातून जातं. शिवाय कॅटमध्ये ४० मिनिटांच्या प्रत्येक विभागाला १३ मिनिटं २० सेकंद जादा मिळतात. ‘माझी गुणवत्ता कमी ठरेल’ असं म्हणून हे सोडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं. जी मुलगी शाळेपासून प्रत्येक तासाला निम्मं ऐकून आणि निम्मं जुळवून शिकली, तिने कुणाचं काही हिरावून घेतलेलं नसतं.

५. मुलाखतीआधी लेखी कळवा, आत गेल्यावर पुन्हा सांगा.

अर्जातला रकाना मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत पोचतोच असं नाही. मी आधी ईमेल केला होता, तरीही एका नामवंत संस्थेत समोरच्या तिघांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यामागे मोठी खिडकी होती. उजेड पाठीमागून आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. बसण्याआधीच मी म्हटलं, ‘‘सर, मी ओठ वाचून ऐकते. पडदा ओढला आणि एकेकाने विचारलं तर मला सगळं कळेल.’’ पडदा ओढला गेला. एवढंच बोलायचं. आजाराचा इतिहास सांगायचा नाही, आभाराचं भाषणही करायचं नाही.

ओठ वाचण्यालाही मर्यादा आहे. ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर सारखेच दिसतात. इंग्रजीतले १५ आणि ५० तर दगा देतातच. आकड्याचा प्रश्न आला की मी तो मोठ्याने परत म्हणून खात्री करून घेत असे. अंदाजाने मान डोलावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ‘‘नोकरीत फोन कसे घेणार?’’ असंही विचारलं गेलं. हा प्रश्न येतोच, त्याचं उत्तर तयार ठेवा. मी काम लेखी कसं करते आणि फोनवरच्या बैठकीत पडद्यावर उमटणारे शब्द कसे वाचते, ते उदाहरणासह सांगितलं.

६. ही गोष्ट गुप्त राहील असं धरून चालू नका.

प्रवेशाच्या याद्यांत नावापुढे प्रवर्ग छापलेला असू शकतो आणि वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या वाचतो. घरच्यांनाही आधी सांगून ठेवा. माझ्या बाबांची काळजी शिक्षणाची नव्हती, लग्नाची होती. ‘‘एकदा कागदावर आलं की सगळ्यांना कळेल,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘ज्यांना कळून चालणार नाही, तिथे मला जायचंच नाही.’’

७. परदेशी अर्जाची रीत वेगळी आहे.

माझ्या भाचीला डिसलेक्सिया आहे आणि ती अमेरिकेत अर्ज करते आहे. तिथे प्रवेश देण्याआधी विद्यापीठाने अपंगत्वाबद्दल चौकशी करायची नसते. एसएटीला जादा वेळ घेतल्याची खूण पूर्वी गुणांसोबत जायची, ती २००३ मध्ये बंद झाली. त्यामुळे निबंधात लिहायचं की नाही हे तिच्या मर्जीवर आहे. मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘नववीतले गुण का घसरले हे समजायला गरज असेल तर चार ओळी लिही. उरलेला निबंध तुझ्या कीटकांच्या वहीबद्दल असू दे.’’ तिला मुंग्यांचं वेड आहे आणि निवडणाऱ्यांना ते कळायला हवं.

८. प्रवेश मिळाला की सांगणं पुन्हा सुरू होतं.

आमच्या वर्गात बाकं अर्धगोल होती आणि चर्चेत बोलण्याला गुण होते. मागून कुणी बोललं की माझ्यापर्यंत पोचायचं नाही. संस्थेच्या दिव्यांग कक्षाने काढलेलं पत्र प्राध्यापकांकडे पोचेपर्यंत सत्राचा बराच भाग निघून गेला असता. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला भेटले आणि तीन गोष्टी मागितल्या: मधली जागा, बोलणाऱ्याने आधी हात वर करावा आणि प्राध्यापकांनी माझा छोटा मायक्रोफोन गळ्यात अडकवावा. बहुतेकांनी लगेच ऐकलं. एका विषयाला हात वर करायची पद्धत काही रुजेना, तेव्हा शेजारची मैत्रीण बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहायची आणि मी त्या दिशेला वळायची. नव्या मुलांना मी या तिन्ही मागण्या लिहिलेला ईमेल पाठवते. तो पाच ओळींचा आहे आणि त्याला दाखला जोडायची गरज नसते, कारण दाखला कार्यालयात आधीच जमा असतो.