मॅकरॉनला तडे का जातात?

प्रश्न : घरी केलेल्या मॅकरॉनला वरून तडे जातात, खालची जाळीदार कडही येत नाही. अंड्याचा पांढरा भाग दोन दिवस आधी काढून ठेवला, तरी फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर : अंडं शिळं करण्याचा नाद सोडा; त्याने पांढऱ्यातलं थोडं पाणी उडतं, एवढंच. खरा प्रश्न वाफेच्या वाटेचा आहे. ओव्हनमध्ये मिश्रणातल्या पाण्याची वाफ होते. वरचा पापुद्रा आधीच सुकलेला असेल, तर ती खालच्या कडेने निसटते आणि तिथेच ती जाळी उमटते. पापुद्रा ओला असेल, तर वाफ तो फोडून वर येते. म्हणून ट्रेवर घातलेले गोल अर्धा ते एक तास पंख्याखाली ठेवा आणि बोटाला चिकटेनासे झाल्यावरच भाजा. पावसाळ्यात वेळ जास्त लागेल. तिथे घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

न सुकवताही मॅकरॉन जमतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, विशेषतः साधारण 118 अंश सेल्सियसचा पाक ओतून केलेल्या इटालियन पद्धतीत फेस बराच स्थिर असतो. पण पाक न करता साखर तशीच घालणाऱ्या फ्रेंच पद्धतीत नवख्याने ही सवलत घेऊ नये. सुकवूनही तडे गेले, तर संशय ओव्हनवर घ्या. घरगुती ओव्हनचा आकडा अनेकदा खोटा असतो, त्यामुळे आत वेगळा थर्मामीटर ठेवून 150 अंशांच्या आसपास भाजा. मिश्रण कमी घोटलं गेलं असेल, तरीही हवा जास्त राहून कवच फुटतं. ते उलथन्यावरून सलग पट्टीसारखं ओघळू लागलं की लगेच थांबा.